ब्रिटनमधल्या ‘इंडियन’मध्ये जेवायला जाताय? मग हे वाचून जा

शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये आलेला आपला माणूस काही आठवडे सँडविच आणि पास्त्यावर काढतो, आणि मग एका संध्याकाळी नाक्यावरच्या, काचेवर ताजमहाल रंगवलेल्या हॉटेलात जाऊन बसतो. ओळखीचं नाव म्हणून चिकन कोर्मा मागवतो. समोर येतं ते फिकट पिवळं, गोडसर, खोबऱ्याच्या भुकटीने दाट झालेलं प्रकरण. सोबत चपात्या येतील म्हणून वाट बघतो, त्या येत नाहीत. सुरुवातीला आलेले पापड फुकट समजून खाल्लेले असतात, त्यांचे पैसे बिलात लागलेले दिसतात. मग घरी येऊन व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘इथे इंडियन फूडच्या नावाखाली काहीही देतात’ असं टाकून मोकळा होतो.

माझ्या मते चूक बहुतेक वेळा मागवण्यात झालेली असते. करी हाऊसचं, म्हणजे अशा नाक्यावरच्या ‘इंडियन’ हॉटेलाचं, जेवण हे गेल्या साठ-सत्तर वर्षांत ब्रिटनमध्येच घडत गेलेलं जेवण आहे. त्याचे नियम वेगळे, नावांचे अर्थ वेगळे. ते माहीत असले की त्याच टेबलावर झकास जेवता येतं.

आधी मालक कुठला ते ओळखा

पाटीवर ‘इंडियन’ असलं तरी जुन्या वळणाची बहुतेक करी हाऊसेस बांगलादेशी माणसं चालवतात, आणि त्यातलेही बहुसंख्य एका सिल्हेट भागातले. सिल्हेटचे खलाशी ब्रिटिश बोटींच्या इंजिनखोलीत राबायचे. त्यातले काही लंडनच्या गोदीत उतरले ते परत गेलेच नाहीत. कुणी खानावळ काढली, कुणी हॉटेलात भांडी घासता घासता आचारी झाला, मग गावाकडच्या भाच्या-पुतण्यांना बोलावून घेतलं. १९७१ नंतर हा ओघ आणखी वाढला. भारतीय हॉटेलांचा इतिहास तसा याहून जुना आहे: पाटण्याच्या साके दीन महोमेदने १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढलं होतं. ते दोन वर्षांत बुडालं. रीजंट स्ट्रीटवरचं ‘वीरास्वामी’ १९२६ सालचं. पण गावोगावच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, जी हॉटेलं दिसतात ती सिल्हेटींनी उभी केली.

ओळखायचं कसं? मेन्यूकार्ड बघा. एका बाजूला कोर्मा, भुना, मद्रास, विंदालू, धनसाक, जालफ्रेझी अशी ओळीने नावं आणि पुढे चिकन, लँब, प्रॉन यांच्या किमती असल्या की समजायचं, हे सिल्हेटी करी हाऊस. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक-स्पार्कहिलकडे ‘बाल्टी’च्या, म्हणजे कढईतच वाढल्या जाणाऱ्या करीच्या, पाट्या दिसतील, तिथे मालक बहुधा पाकिस्तानी किंवा काश्मिरी. मँचेस्टरच्या रशोममध्ये विल्म्सलो रोडला ‘करी माइल’च म्हणतात. लंडनचं साउथॉल पंजाब्यांचं, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड गुजराती शाकाहाऱ्यांचा, लंडनचं टूटिंग दक्षिणेकडच्या आणि श्रीलंकन तमिळ हॉटेलांचं. आणि निव्वळ वडापाव हवा असेल तर लंडनच्याच हाउन्सलोला २०१० पासून ‘श्रीकृष्ण वडापाव’ आहे, तिथे यातलं काहीच लक्षात ठेवायची गरज नाही.

कधी जायचं

बरीच करी हाऊसेस दुपारी बंद असतात आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला उघडतात. आपली रात्री नऊची जेवणाची वेळ इथे शुक्रवार-शनिवारी अगदी गैरसोयीची, कारण त्याच सुमाराला पबमधून उठलेली टोळकी करी खायला येतात. हॉटेलात आवाज, स्वयंपाकघरात घाई, आणि वेटरला तुमच्याशी दोन वाक्यं बोलायलाही फुरसत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर मंगळवार-बुधवार गाठा, सातच्या आत. आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी अनेक ठिकाणी ‘बँक्वेट नाइट’ असते: एक स्टार्टर, एक करी, एक साइड डिश आणि भात किंवा नान, सगळं ठरलेल्या किमतीत. नवख्या माणसाला चव घेऊन बघायला याहून स्वस्त मार्ग नाही.

दारावर हिरवा-काळा स्टिकर शोधा. स्थानिक कौन्सिलने तपासणी करून स्वच्छतेला दिलेले हे ० ते ५ गुण असतात. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. म्हणून इंग्लंडमध्ये स्टिकर दिसला नाही तर फूड स्टँडर्ड्‌स एजन्सीच्या संकेतस्थळावर हॉटेलचं नाव टाकून गुण बघता येतात. स्कॉटलंडची पद्धत वेगळी, तिथे नुसतं पास किंवा ‘सुधारणा हवी’. तीनच्या खाली असेल तर मी पुढच्या हॉटेलात जाईन.

पिणारे असाल तर फोन करून विचारून घ्या. काही हॉटेलांकडे दारूचा परवाना नसतो, पण स्वतःची बाटली आणू देतात. बर्मिंगहॅमच्या बाल्टीवाल्यांकडे ही रीत जुनी आहे. काही मालक मात्र धार्मिक कारणाने दारू टेबलावर येऊच देत नाहीत, आणि बिअरची पिशवी हातात घेऊन दारात उभं राहणं दोघांनाही अवघड होतं.

आत काय चाललेलं असतं

हे कळलं की मेन्यू आपोआप कळतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण रस्सा करताना कांदा लालसर होईपर्यंत परततो. इथे तो उकडतात. दुपारी भल्या मोठ्या टोपात पोतंभर कांदा, थोडं आलं-लसूण, टोमॅटो, गाजर, ढोबळी मिरची, तेल, हळद आणि मोजका मसाला घालून तासन्‌तास शिजवत ठेवतात. मग त्यात मोठा ब्लेंडर फिरवतात. तयार होतं ते फिकट नारिंगी, सूपसारखं पातळ ‘बेस ग्रेव्ही’ नावाचं पाणी. नुसतं चाखलं तर बेचव लागेल. चिकन आणि लँब वेगळं, हलक्या मसाल्यात आधीच शिजवून ठेवलेलं असतं.

ऑर्डर आली की आचारी लांब दांड्याचं ॲल्युमिनियमचं पॅन मोठ्या आचेवर ठेवतो. तेल, आलं-लसणाची पेस्ट, चमचाभर ‘मिक्स पावडर’, पाण्यात कालवलेली टोमॅटो प्युरे. मसाला करपायच्या आत बेस ग्रेव्हीचा पहिला डाव पडतो, पॅनमधून जाळ उठतो, कडेला रस आटून चिकटतो. तो खरवडून पुन्हा आत ढकलायचा, मग दुसरा डाव, मग मांस, मग तिसरा. कडेला चिकटून पुन्हा रसात मिसळणाऱ्या त्या खरपुडीतच खरी चव असते. सात-आठ मिनिटांत करी तयार.

आपल्याकडच्या ‘पंजाबी’ हॉटेलांतही लाल, पिवळी आणि पांढरी ग्रेव्ही तयार ठेवून तीस भाज्या निघतातच, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही. तुमच्या कामाचं एवढंच, की करी तुमच्यासाठी वेगळी, त्याच वेळी बनते. त्यामुळे तिखट वाढवून, साखर वगळून, कोथिंबीर जास्त घालून, घट्ट करून, असं काहीही सांगता येतं. आणि पाया एकच असल्यामुळे शेजारशेजारच्या दोन करी मागवल्या, तर एकच भाजी दोन वाट्यांत आल्यासारखं वाटतं. चार जण असाल तर एक घट्ट, एक पातळ, एक आंबट आणि एक तंदूरमधलं, असं निवडा.

नावांवर जाऊ नका

ही नावं तिखटाच्या पायऱ्या आहेत असं समजा. कोर्मा, पसंदा आणि चिकन टिक्का मसाला तळाला, तिन्ही गोडसर आणि क्रीमचे. मधे भुना, रोगन जोश, दोपियाझा. त्यावर मद्रास, त्यावर विंदालू, आणि सगळ्यात वर फाल. सावजी किंवा मालवणी तिखटावर वाढलेल्या माणसाला मद्रास हे साधारण घरच्यासारखं. फाल पैजेपुरता असतो, जेवणापुरता नाही: तिखटाने तोंड बधिर होतं, मग चव कशाची घेणार?

विंदालूबद्दल गोव्याकडच्या वाचकांना आधीच सावध करतो. गोव्यात ते व्हिनेगर, लसूण आणि काश्मिरी मिरचीत मुरवलेलं डुकराचं मांस असतं, पोर्तुगिजांच्या मूळ पद्धतीवरून आलेलं, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागणारं. इथे मालक मुसलमान, तेव्हा डुकराचा प्रश्नच नाही. व्हिनेगर असलंच तर चमचाभर. मद्रासच्या वर दोन चमचे लाल तिखट आणि हटकून एक उकडलेला बटाटा, की झालं विंदालू. म्हापशाची आठवण काढत ते मागवलंत तर जीव हळहळेल. झणझणीत बटाटा-चिकन म्हणून मागवलंत तर बरं लागतं.

धनसाकचं तसं नाही, त्याची शिफारस मी करीन. मुंबईच्या पारशांकडे रविवारी दुपारी होणारं, डाळी-भोपळ्यात शिजवलेलं मटण, सोबत तपकिरी भात आणि कचुंबर, ते हे नव्हे. इथे बेस ग्रेव्हीत शिजलेली मसूर डाळ, लिंबू आणि साखर घालतात, काही ठिकाणी अननसाचे तुकडेही. पण चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला ही आंबट-गोड-तिखट डाळीची करी लगेच पटते. ‘अननस नको, तिखट मद्रासइतकं’ एवढं सांगा आणि लँबमध्ये मागवा.

बाकीच्यांचं थोडक्यात. भुना म्हणजे घट्ट, अंगाबरोबर मसाला, नानशी खायला उत्तम. जालफ्रेझीत हिरवी मिरची, कांदा, ढोबळी मिरची मोठ्या आचेवर परतून घातलेली असते, ताजी चव हवी असेल तर हीच. दोपियाझात कांदा दोनदा येतो. पाथिया आंबट-गोड, कोळंबीत चांगला. चिकन टिक्का मसाला एकदा खाऊन बघावा, कारण २००१ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी भर भाषणात त्याला ब्रिटनची राष्ट्रीय डिश ठरवलं होतं. ग्लासगोच्या एका हॉटेलवाल्याने तो आपणच शोधल्याचं सांगितलं होतं, त्यावरचा वाद अजून चालू आहे. मला तो लाल रंगाचा गोड दुधी रस्सा वाटतो, पण लहान मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठी डोळे झाकून मागवा.

बर्मिंगहॅमला गेलात तर बाल्टी चुकवू नका. १९७० च्या दशकात तिथेच रुळलेला हा प्रकार. पातळ पोलादी कढईत, तेलावर, मोठ्या आचेवर झटपट शिजवतात आणि तीच कढई उकळत असताना टेबलावर येते. भात मागवायचा नाही, नानने कढईतूनच खायचं. ‘फॅमिली नान’ मागवला तर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येईल, चौघांत एक पुरतो.

टेबलावर बसल्यावर

बसताक्षणी वेटर विचारतो, ‘पॉपडम?’ हो म्हणालात की पापड आणि लोणच्यांचा ट्रे येतो आणि बिलात दोन्ही लागतात, लोणची तर बऱ्याच ठिकाणी माणशी. ट्रेमध्ये आंब्याची गोड चटणी, लिंबाचं कडवट-खारट लोणचं, हिरवट दह्याची पुदिना चटणी आणि चिरलेला कांदा. इंग्रज मंडळी हे जेवणाआधी संपवतात. आपण ट्रे उचलू न देता शेवटपर्यंत ठेवून घ्यावा, कारण ते लिंबाचं लोणचं डाळ-भाताबरोबरच शोभतं. तसं सांगितलं तर कुणी काही म्हणत नाही.

इथे प्रत्येकाची करी वेगळी, अशी रीत आहे. तुम्ही वाटून खाणार असाल तर ऑर्डर देतानाच सांगा, म्हणजे सगळं मधे ठेवून रिकाम्या प्लेट देतील. चौघांना तीन करी, एक तडका डाळ, एक सुकी भाजी, दोन भात आणि तीन नान भरपूर होतात. भाज्यांना कार्डावर दोन किमती असतात, साइड डिशची आणि मेनची. साइडची पुरते. बाँबे आलू म्हणजे मसाल्यातले बटाटे, त्याचा मुंबईशी नावापुरताच संबंध, पण वाईट नसतात.

करीसोबत भात किंवा पोळी आपोआप येत नाही, वेगळी मागवावी लागते. ब्रॅडफर्डला काही ठिकाणी करीबरोबर चपात्या देतात, तो अपवाद. पुलाव भातात लाल-हिरवी शितं दिसतील, तो नुसता रंग. कीमा नानमध्ये मांस असतं, शाकाहाऱ्यांनी लक्ष ठेवा. कार्डावरचा ‘पेशवारी’ नान पेशावरचा आहे, शनिवारवाड्याचा नाही, आणि आत खोबरं, बदाम, बेदाणे भरून चांगलाच गोड असतो. तो भुन्याबरोबर न खाता शेवटी गोड म्हणून खाल्लात तर मजा येते. नाहीतरी इथलं गोड खातं यथातथाच.

ताटात हिरवी मिरची आणि कच्चा कांदा हवा असेल तर मागा, बहुधा पैसे लावत नाहीत.

कार्डावर नसलेलं जेवण

आता खरी मेख. हॉटेल रिकामं असेल तर वेटरशी हिंदीत बोला. आपसात ते सिल्हेटी बोलतात, पण हिंदी बहुतेकांना समजते. ‘भाई, आज स्टाफ के लिए क्या बना है?’ एवढा प्रश्न पुरे. दुकान बंद झाल्यावर कामगार स्वतः जे खातात ते बेस ग्रेव्हीतलं नसतं: हाडासकट मटण, कांदा नीट परतून, पातळ पण झणझणीत रस्सा, नाहीतर मासा. काही ठिकाणी ते ‘स्टाफ करी’ म्हणून कार्डावरही आलं आहे. मिळालं तर भाग्य, नाही म्हणाले तर हट्ट धरू नका, ते त्यांचं रात्रीचं जेवण असतं.

कार्डाच्या कोपऱ्यात ‘शातकोरा’ दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा. सिल्हेटकडचं हे जाड सालीचं, लिंबाच्या जातीचं फळ. मटण शिजताना त्याच्या फोडी सालीसकट घालतात. रश्श्याला पहिल्या घासाला ईडलिंबासारखा वास येतो, मग तेलकटपणा कापणारी कडसर आंबट चव मागून येते. फोडीची साल थोडी चावून बघा, सगळ्यांना आवडतेच असं नाही. ‘नागा’ असं लिहिलेलं असेल तर ती नागा मिरची. तिला तिखटाबरोबर फळासारखा सुगंध असतो. लंडनच्या ब्रिक लेन-व्हाइटचॅपल भागात बांगलादेशींसाठीच चालणाऱ्या साध्या हॉटेलांत रुई, इलिश असे मासेही मिळतात. इलिशला काटे फार, बोलत बोलत खाऊ नका.

शाकाहारी, पथ्य आणि ॲलर्जी

शाकाहाऱ्यांना मिळतं बरंच, पण विचारावं लागतं. एकाच कढईत कांदा भजी आणि मांसाचे समोसे तळलेले असू शकतात. नानच्या पिठात काही ठिकाणी अंडं असतं. उपवास किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल तर करी हाऊस तुमच्यासाठी नाही, पाया कांद्याचाच आहे. गुजराती हॉटेल गाठा. कार्डावर नुसतं ‘मीट’ लिहिलं असेल तर सहसा लँब असतं, पण बीफ टाळत असाल तर स्पष्ट विचारा, विशेषतः निहारी मागवताना. सिल्हेटी आणि पाकिस्तानी हॉटेलांत मांस बहुधा हलाल असतं.

शेंगदाणा किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर ती गंमतीत घेऊ नका. कोर्मा, पसंदा, टिक्का मसाल्यात बदामाची पूड असते. यॉर्कशरमध्ये एका मालकाने स्वस्त पडते म्हणून शेंगदाणा असलेली पूड वापरली. २०१४ मध्ये, दाणे नकोत असं आधी सांगूनही, एका गिऱ्हाइकाचा जीव गेला आणि २०१६ मध्ये मालकाला सहा वर्षांची शिक्षा झाली. ॲलर्जी निर्माण करणाऱ्या १४ घटकांची माहिती देणं हॉटेलांवर कायद्याने बंधनकारक आहे. फोनवर आणि टेबलावर, दोन्हीकडे सांगा. वेटर ‘चालेल, चालेल’ म्हणत मान हलवत असेल पण आत जाऊन विचारून येत नसेल, तर उठा.

बिल

कार्डावरच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, आपल्यासारखा जीएसटी वरून चढत नाही. ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून दहा ते साडेबारा टक्के लावलेले असले आणि ते ऐच्छिक असल्याचं छापलेलं असलं, तर काढायला सांगता येतात. जेवण चांगलं झालं असेल तर काढू नका. चार्ज नसेल तर दहा टक्के टिप ठेवायची रीत आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपेचे पैसे पूर्णपणे कामगारांना देणं मालकांना बंधनकारक झालं आहे. पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हणा, नुसतं वॉटर म्हटलं तर विकतची बाटली येते.

पार्सल

इथे त्याला टेकअवे म्हणतात. ॲपवरून मागवण्यापेक्षा थेट फोन करून स्वतः आणायला जा. ॲपचं कमिशन वाचतं म्हणून बरेच मालक दहा टक्के सूट देतात, वर पापडाची पुडी टाकतात. सगळ्या करी सारख्याच दिसणाऱ्या डब्यांत येतात, झाकणावर पेनने लघुरूपात लिहिलेलं असतं, ते दुकानातच वाचून घ्या. ॲल्युमिनियमचे डबे मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. करी दुसऱ्या दिवशी आणखी मुरते, पण भाताचं तसं नाही: उरलेला भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांत संपवा. फोडणीचा भात करायचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळीच करा, वाफ येईपर्यंत चांगला गरम करून.